मुलीचं नाव ‘मौज’ ठेवलं तर?

पत्राचा गोषवारा : पत्र लिहिणाऱ्या वाचक ३१ वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या. पहिलीच मुलगी, आता अडीच महिन्यांची. सुतक आल्यामुळे बाराव्या दिवशी बारसं झालं नाही, ते आता तीन महिने पूर्ण झाल्यावर करायचं ठरलंय. त्यांना मुलीचं नाव ‘मौज’ ठेवायचंय. त्यांची आजी दूध उतू गेलं, लाइट गेली, न सांगता पाहुणे टपकले, काहीही झालं तरी ‘मौज आहे!’ म्हणायची, तिथून हे नाव डोक्यात आलं. सासूबाई म्हणतात, ‘हे काय नाव आहे? लोक हसतील.’ त्यांनी अनाया, कियारा आणि अन्विका अशी तीन नावं सुचवली आहेत. पत्रिकेत हस्त नक्षत्राचा चौथा चरण, म्हणजे अक्षर ‘ठ’, त्याचाही घोळ आहे. नणंदेनं सांगून टाकलंय की असलं नाव मी बाळाच्या कानात सांगणार नाही. नवरा म्हणतो, ‘मला काहीही चालेल.’ वाचकांचा प्रश्न असा : जुन्या वळणाच्या लोकांना घाबरून चारचौघींसारखं नाव ठेवायचं की मनासारखं? शेवटी नावच आहे ना?

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या आजी मला आवडल्या. उतू गेलेलं दूध पुसता पुसता ‘मौज आहे’ म्हणणारं माणूस घरात असलं की तिथल्या पोरांना भीती कमी वाटते. हा शब्द तुम्ही मोबाइलवरच्या यादीतून उचललेला नाही, घरातून आणलाय, हे फार बरं झालं.

पण सुरुवात तुमच्या शेवटच्या वाक्यापासून करते. ‘शेवटी नावच आहे ना?’ तसं असतं तर तुम्ही वहीची चार पानं पाठपोट लिहिली नसती. मुलीच्या जन्माचं घराला काय वाटलं, हे आपल्याकडे कित्येकदा नावातच नोंदलेलं असतं. सातारा जिल्ह्यात एका मुलीवर दुसरी, तिसरी मुलगी झाली की तिचं नाव ‘नकुशा’ ठेवलं जायचं. नकोशी म्हणून नकुशा. शाळेत रोज हजेरीला तेच नाव, आणि रोज त्याला ‘हजर’ म्हणायचं. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे रीतसर कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. कुणी नटीचं नाव घेतलं, कुणी देवीचं, कुणाला नुसतं चांगल्या अर्थाचं नाव पुरलं. त्याच महाराष्ट्रात पहिली मुलगी झाली म्हणून तिला ‘मौज’ म्हणावंसं कुणाला वाटतं, ही साधी गोष्ट नाही. ‘नावच आहे’ म्हणून तुम्ही स्वतःचाच मुद्दा पातळ करताय.

आता सासूबाई. पत्रभर तुम्ही त्यांना जुन्या वळणाच्या म्हणता, आणि ते मला अजिबात पटलेलं नाही. अनाया, कियारा, अन्विका या नावांत जुनं वळण कुठलं? त्यांच्या आईच्या-आजीच्या पिढीतल्या बायकांची नावं त्यांना विचारा. हौसा, गोजरा, शेवंता, मैना, चिमा, गुलाब, साळू, ठकू. बोलण्यातले, परसातले, ओटीवरचे शब्द उचलून मुलींना दिलेले. त्या रांगेत ‘मौज’ सहज बसते. हौसा आणि मौज तर आपण एका दमात म्हणतोच, हौसमौज. मधल्या काही पिढ्यांत आपण ठरवून टाकलं की मुलीचं नाव संस्कृतच पाहिजे, म्हणून स्मिता, सुहासिनी, हर्षदा, मुदिता, प्रमोदिनी आल्या. या सगळ्यांचा अर्थ हसू आणि आनंदच आहे, पण त्यांना कुणी हसत नाही, कारण दारावर भाजीवाल्याशी बोलताना ‘मुदिता’ हा शब्द कुणाच्या तोंडात येत नाही. ‘मौज’ येतो. तुमच्या सासूबाईंना खटकतंय ते हे, रोजचा शब्द माणसाला लावणं. त्यात जुन्या-नव्याचं भांडण नाही, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना तो सूर सोडलात तर अर्धं काम होईल.

हौसा नावावर थोडं थांबते, कारण तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर तिथे आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मुलीचं नाव हौसाबाई, लोकांच्या हौसाताई. जन्म १९२६ चा. प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांना झुगारून साताऱ्याकडे चालवलेल्या लोकांच्या सरकारच्या काळात त्याच्या तुफान सेनेबरोबर त्यांनी काम केलं. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर त्यांनी आणि एका सहकाऱ्यानं नवराबायकोच्या भांडणाचं सोंग केलं होतं. ‘नवरा’ खराखुरा मारतोय, दगड उचलून जीव घ्यायला निघालाय, हे बघून पोलीस सोडवायला बाहेर धावले आणि तेवढ्यात साथीदारांनी आत जाऊन बंदुका उचलल्या. अंगावर बसलेला मार मात्र सोंगाचा नव्हता, हे त्या म्हातारपणीही हसत सांगायच्या. २०२१ मध्ये पंच्याण्णव वर्षांच्या होऊन त्या गेल्या. हौस हा शब्द मौजेपेक्षा फार वजनदार नाही, आणि त्या नावानं त्यांचं कुठे काही अडलं नाही.

‘आनंदी’चंही तसंच. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट आनंदीबाईंच्या नावाला कायमची चिकटली. शंभरएक वर्षांनी गोपाळराव जोशांनी लग्नात यमुनेचं नाव आनंदी ठेवलं, ती १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाली, आणि आज पहिल्यांदा आठवते ती हीच आनंदी. नावाला अर्थ शब्दकोशातून थोडाच येतो. बाकीचा माणूस आणतं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मी तुमच्या बाजूनं निकाल दिला. थांबा. सासूबाईंचं एक वाक्य खरं आहे. लोक हसतील.

तुम्ही हे नाव आजीच्या आवाजात ऐकताय. मुलगी ते ऐकणार आहे दुसऱ्यांच्या वाक्यांत. म्हणून अर्थ बाजूला ठेवून रोजच्या वाक्यांत ते घालून बघा, आणि मुद्दाम वाईट दिवसाची वाक्यं घ्या. ‘मौजला ताप आलाय.’ ‘मौज कालपासून रडतेय.’ ‘मौज नापास झाली.’ ‘आज मौज नाही का?’ ‘लग्न झालं, मौज गेली.’ यातली निम्मी वाक्यं गमतीदार आहेत, चालतील. लहानपणी मुलीलाही आवडतील. मग शाळा. तिथे ‘मोजा’ होणार, हे मी लिहून देते. पायातला मोजा. सातबाऱ्यावर गावाच्या नावाआधी ‘मौजे’ लिहितात हे एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाला माहीत असणार, तो तिला ‘मौजे अमुक, तालुका तमुक’ म्हणणार. मराठी न येणाऱ्या बाई पहिल्या दिवशी ‘माउज’ वाचणार आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ‘माउस’ म्हणणार. आणि दुसरं मूल झालं की ‘मजा’ ठेवणार का, हे तुम्हाला बारशातच किमान पाच जण विचारतील. प्रत्येकाला वाटेल की हा विनोद त्यालाच सुचला.

चिडवणं ही मोठी अडचण नाही. मुलं ‘राजेश’लाही चिडवतात. मला जास्त विचार करावासा वाटतो तो वेगळ्या गोष्टीचा. आनंदी, हर्षा, मुदिता ही नावं त्या मुलीचं वर्णन करतात. मौज ही दुसऱ्यानं करायची, बघायची, लुटायची, मारायची गोष्ट आहे. ही क्रियापदं मराठीत त्या शब्दाला आधीपासून जोडलेली आहेत. सहा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत त्याचं काही वाटत नाही. सोळाव्या वर्षी कॉलेजच्या कट्ट्यावरून जाताना, किंवा पंचविसाव्या वर्षी नव्या ऑफिसात ओळख करून देताना, कुणीतरी त्यातलं एखादं क्रियापद जोडणार आणि तिला ते ऐकू जाणार. ‘लोक हसतील’ असं सासूबाई म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात नेमकं हेच असेल आणि सुनेसमोर उघड बोलता येत नसेल, अशीही शक्यता आहे. एकदा शांतपणे विचारून बघा.

आणखी एक गोष्ट. आनंदाची नावं मुलीकडून आनंदाची अपेक्षा करतात. मुलगी अबोल निघाली, घुमी निघाली, माणसांत मिसळायला तिला नको वाटलं, तर प्रत्येक लग्नात एक मावशी म्हणणार, ‘नाव मौज आणि तोंड बघा!’ नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण आपल्याकडे उगाच तयार झालेली नाही. मुलींना ‘हस की जरा’ म्हणणारी माणसं तशीही कमी नसतात, त्यांच्या हातात आयतं नाव द्यायचं का? याचं उत्तर ‘नको’ असंच असलं पाहिजे असं नाही. तुमच्या आजीची मौज खिदळण्याची नव्हती, संकटात हातपाय न गाळण्याची होती. ते तुम्ही मुलीला सांगितलंत, आणि ती रुसून बसली असताना ‘नाव काय आहे तुझं, आठव’ हे वाक्य घरात कुणीही वापरायचं नाही असा नियम केलात, तर हा काटा बराचसा बोथट होईल. नियम मोडणाऱ्यांत पहिल्या तुम्हीच असाल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता नवरोबा. ‘मला काहीही चालेल’ हा होकार नाही. उद्या शाळेच्या खिडकीवर ‘मौज? हे नाव आहे की आडनाव?’ असं विचारल्यावर ओशाळून ‘हिच्या आईनं ठेवलंय’ म्हणणारा बाप नको. त्यांना पंधरा दिवस हे नाव वापरायला लावा. मित्राशी फोनवर बोलताना, डॉक्टरांकडे, सोसायटीच्या वॉचमनशी. एका उच्चारात संपणारं नाव मराठीत हाक मारायला अवघड जातं, आपण काना, मात्रा, शेपूट काहीतरी लावतोच, त्यामुळे मौजू, मौजडी, मौजे असं काय काय होतं तेही ऐकून घ्या. खालच्या मजल्यावरून मोठ्यानं हाक मारून बघा. पंधरा दिवसांनी त्यांच्या तोंडून ते आपसूक येत असेल तर तो होकार.

‘ठ’ची काळजी तर सोडूनच द्या. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी १०८ अक्षरं. त्यात आर्द्रेच्या वाट्याला ‘ङ’ येतो, हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’. त्यावरून कुणी नाव ठेवून दाखवावं. म्हणूनच पत्रिकेतलं नावरस नाव आणि व्यवहारातलं नाव ही दोन वेगळी नावं असण्याची सोय आपल्याकडे मुळातच आहे. ‘ठ’वरून ठकू हे सुरेख नाव निघतं, ते पत्रिकेत लिहा, सासूबाईंचं समाधान होईल. त्या स्वतः कियारा सुचवतायत म्हणजे ‘ठ’ त्यांनाही फारसा मनावर घ्यायचा नाही, हे उघड आहे.

नणंदेचं प्रकरण जरा हळुवार हाताळा. बारशात आत्याचा मान असतो. पाळण्यावर वाकून कानात ‘कुर्रर्र’ करायचं, नाव सांगायचं, आणि बाकीच्या बायकांचे पाठीवर धपाटे खायचे. ज्या बाईनं धपाटे खायचे तिला नाव निवडताना कुणी विचारलंच नाही, तर ती फुरंगटणारच. तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘आम्ही त्यांना नाव कळवलं.’ कळवलं! मुलीला दोन नावं असणार असतील तर एक नाव ताईंना निवडू द्या, आणि ते खरोखर त्यांच्यावर सोडा. बारशाच्या आदल्या दिवशी नको, आत्ता, निवांत, सासूबाई शेजारी नसताना.

आता कागदांचं, कारण माझं मत त्यावर अवलंबून आहे. बारसं आणि जन्मनोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, ती दवाखान्यामार्फत झालीच असेल, आणि तिथे नावाची जागा रिकामी असेल. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. म्हणजे घाई कुणालाच नाही. मात्र एकदा घातलं की ते पक्कं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, पासपोर्ट अशा सगळ्या ठिकाणी जन्मदाखलाच आधाराला धरला जातो. मोठेपणी बदलायचं तर राजपत्रात जाहिरात, मग एकेक कागद दुरुस्त करत बसणं.

परदेशात काही जण हौसेचं नाव मधल्या जागी घालतात. आपली मधली जागा भरलेली आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहिलं जातं. म्हणजे मौज पहिल्या जागीच येणार, लपवायला कोपरा नाही. चारही शब्द सलग मोठ्यानं म्हणून बघा. लांबलचक आडनावापुढे एवढंसं नाव उलट खुलतं. आणि कुणी ‘मौजश्री’ किंवा ‘मौजिका’ करा म्हणून मध्यस्थी करायला आलं तर त्यांना चहा देऊन वाटेला लावा. सगळा शब्दच मरतो त्यात.

तर माझं मत. बारशाला आत्यानं कानात ‘मौज’ सांगावं, सोबत तिनं निवडलेलं दुसरं नावही सांगावं. दाखल्यावर आत्ता काहीच लिहू नका. बाळ दहा महिन्यांचं होईस्तोवर दोन्ही नावं घरात मोकळी सोडा. घरचं नाव मुलगी मोठी झाल्यावर आपल्या मर्जीनं मिरवू शकते. कागदावरचं नाव मागे सारायला तिला खटपट करावी लागते. त्यामुळे आज कुणी माझ्यावर सोडलं तर मी मौज घरात ठेवेन आणि कागदावर दुसरं घालेन. पण दहाव्या महिन्यात सासूबाईच शेजारणीला ‘आमची मौज आता उभी राहते’ असं सांगताना सापडल्या, तर मी माझं मत बदलेन आणि तुम्हीही मागेपुढे न बघता तेच दाखल्यावर घाला. माणसांच्या तोंडात बसलेलं नाव यादीतल्या नावापेक्षा कधीही बरं.

कागदासाठी वेगळं नाव लागलंच, तर तेही रोजच्या मराठीतून निवडता येईल. पालवी, झुळूक, लकेर, उमेद, सई, ओवी. ओवी आणि सई वर्गात दोन-दोन असतात आताशा, पण एके काळी त्यांच्याकडेही लोक वळून बघायचे. ‘उमेद’ मला व्यक्तिशः फार आवडतं, फक्त गावाकडच्या बचत गटातल्या बायका हसून म्हणतील की ही तर आमची योजना. ‘लहर’ नको, ती कुणाला तरी येते आणि जाते. ‘किलबिल’ तर नकोच, प्रत्येक तालुक्यात त्या नावाची एक बालवाडी सापडेल. यातलं प्रत्येक नाव ‘ताप आलाय’ आणि ‘नापास झाली’च्या वाक्यात घालून बघा, हे वेगळं सांगायला नको.

‘मौज’ हा मराठी शब्दच नाही असं कुणी काका बारशात काढतीलच. अरबी-फारसीतून आलेला आहे, मूळ अर्थ लाट. गुलाबराव आणि दर्याबाई आपल्याकडे कधीपासून नांदतायत, एवढं म्हणून पेढा पुढे करा.

आणि ज्या दिवशी नाव घालायला जाल त्या दिवशी रोमन लिपीतलं स्पेलिंग घरूनच ठरवून जा. एम-ए-यू-जे की एम-ओ-यू-जे, यावर खिडकीपाशी उभं राहून वाद घालू नका. एकच ठरवा आणि आधारपासून लसीकरणाच्या कार्डापर्यंत तेच ठेवा. दाखला हातात आल्यावर तिथून हलण्याआधी देवनागरी नाव नीट वाचा. एक मात्रा कमी पडली की ‘मौज’चं ‘मोज’ होतं, आणि वर्गातल्या त्या पोरांना आयतं कोलीत मिळतं.